शेवटचे पान आधी

संगणकाची माहितीपुस्तिका वाचणारी माणसे जगात पुष्कळ असतील. ती सुईदोऱ्याने शिवणारा मनुष्य मात्र एकच झाला, आणि तो ऐरोलीत माझ्या घराच्या बरोबर खाली राहत होता, हे मी कोणापुढेही छातीवर हात ठेवून सांगेन. गिरगावातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षे त्यांनी बाइंडिंग केले होते. पत्नी गेल्यावर मुलाने त्यांना या नव्या घरात आणले, आणि वर्षभरात तो स्वतःच अमेरिकेला गेला. नव्वदचे दशक तेव्हा सरत आले होते. मी वाशीच्या एका कॉलेजात मराठी शिकवत असे, एकटीच राहत असे, आणि दुपारी परतताना जिन्यात पाऊल टाकले की मला प्रथम त्यांच्या घराचा वास भेटे: मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून घातलेला मोरचूद, आणि या सगळ्यावर खाडीकडून आलेला तिवरांचा ओला, खारट श्वास.

पुस्तकाची त्यांची परीक्षा हाताने आणि नाकाने होत असे. मी माझा एकुलता एक कवितासंग्रह मोठ्या आदराने त्यांना दिला, तेव्हा त्यांनी तो उघडलाच नाही. पाठीवरून अंगठा फिरवला, वेष्टणाला धरून एक हलका झटका दिला, हुंगला, आणि म्हणाले, "कविता चांगल्याच असतील, बाई. शिलाई मात्र हलकी हाय." आठवड्याभराने संग्रह परत आला तो निळ्या कापडी बांधणीत, आणि इतका मजबूत की तो आपणहून उघडा राहीना, तेव्हापासून माझी कविता दोन्ही हातांनी दाबून धरूनच वाचावी लागते. सुटे कागद पाहिले की त्यांचा जीव कासावीस होई. प्रेशर कुकरबरोबर आलेली चार पाने त्यांनी पुठ्ठ्यात बांधली होती. सोसायटीची नियमावली ते सेक्रेटरींकडून 'दोन दिवस बघतो' म्हणून घेऊन गेले आणि तांबड्या बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरांसह परत देऊन आले. त्यानंतर लोक म्हणे जिन्यात चपला काढेनासे झाले. "पाठ कडक आली की नियमाला वजन येतं," असा त्यांचा सिद्धांत होता.

पण त्यांचे खरे व्रत दुपारी चारला सुरू होई. मुलाने जाण्यापूर्वी आपला संगणक आणि प्रिंटर घरीच ठेवला होता. 'तू नक्की करतोस तरी काय?' असे वडिलांनी एकदा विचारले, तेव्हा विमानाच्या घाईत असलेला तो मुलगा म्हणाला होता, "बाबा, सगळं यात लिहिलेलं आहे." आणि एका पुठ्ठ्यावर त्याने एक ओळ लिहून दिली होती. ती ओळ जशीच्या तशी टाइप करून तिच्यात संगणकाच्या कोणत्याही आज्ञेचे नाव घातले की त्या आज्ञेची नोंद छापून निघे: तिचे नाव, वापरण्याची रीत, वर्णन, तिच्यातले दोष आणि शेवटी 'हेही पाहा' म्हणून तिच्या चार सोयऱ्यांची नावे. पाठीवर सोनेरी अक्षरे उठवण्यापुरते इंग्रजी त्यांना येत होते. एक बोट हवेत धरून, एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत ते कालच्या नोंदीतल्या सोयऱ्यांपैकी एकाला आजचे आमंत्रण देत. मग प्रिंटर असा काही किंचाळे की माझ्या फरशीला कंप सुटे आणि ग्रिलवरच्या चिमण्या उडून जात.

समोरच्या घरातली तरुण आई दार उघडून ओरडे, "काका, पोरगं आत्ता झोपलंय हो!"

"झालं गं, दोनच पानं राहिलीत," काका आतून ओरडत. "माझं पोरगं लिहितंय ना!"

हे मी विनोद म्हणून घेत असे.

मजकूर समजावून द्यायला मला बोलावणे येई. संगणक मला त्यांच्याइतकाही येत नव्हता. पण कवितेवर वाढलेल्या माणसाला न समजलेल्या मजकुराविषयी गंभीरपणे बोलण्याची सवय असते. मी अंदाजाने अर्थ सांगे, ते कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या सोडवत ऐकत. त्या पट्ट्यांनी ते कोथिंबिरीच्या जुड्या बांधत. क्रमाने मांडणी करणारी आज्ञा त्यांना छापखान्यातल्या, छापील पानांचे फर्मे लावणाऱ्या बाईसारखी वाटली. दुसऱ्याचे काम मध्येच संपवून टाकणारी एक आज्ञा निघाली, तेव्हा ते चपापले आणि म्हणाले, "ही त्याच्या हातात नसावी. तो मुंगीला फुंकर घालून बाजूला करायचा." दोषांच्या परिच्छेदावर मात्र ते फिदा होते. "चाळीस वर्षांत असं पुस्तक हातातनं गेलं नाही, बाई! लिहिणारा आपल्या चुका आपणच छापतो. तुमचे कवी छापतील काय?" मी निळी बांधणी आठवून पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

एक आज्ञा फक्त थांबून राहण्याची होती. दुसऱ्या कोणाचे काम संपेपर्यंत. ती त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

त्यांची एक खोड मला बरेच दिवस उलगडली नव्हती. कागद हाती आला की ते प्रथम शेवटचे पान काढत, तळाशी एका जागी बोट ठेवत, ओठ हलवत, आणि मग गठ्ठा माझ्यापुढे सरकवत. त्या जागी काही नोंदींत लेखकाचे नाव असे. सात खंड शिवून झाले होते.

एका रविवारी सकाळी मी तिथे असतानाच मुलाचा फोन आला. काका रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरत, त्यामुळे अमेरिका मलाही ऐकू येई. तब्येत, गोळ्या, पाणी किती वाजता येते, हे झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "अरे, सातवा खंड झाला. तुझं नाव अजून कसं येत नाही?"

"कशात नाव, बाबा?"

"तुझ्या पुस्तकात. मशीनमधल्या."

तो हसला, आणि लगेच हसायचा थांबला. "बाबा, ते माझं नाही हो. ते जगभरच्या लोकांनी लिहिलंय. मी बँकेच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करतो. दोन हजार साल लागलं की बंद पडू नये म्हणून."

"मग त्याच्यावर तुझं नाव घालतील ना?"

"नाव कशाला घालतील? नीट झालं तर कुणाला कळणारही नाही, की मी काही केलं."

काकांनी रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला. भिंतीवरच्या तसबिरीतली काकू तेवढी आमच्याकडे पाहत होती.

"म्हणजे बाइंडिंगच की रे," ते अखेर म्हणाले. "बरं. जेवलास का?"

त्यानंतर चार दिवस प्रिंटर वाजला नाही. चार वाजता माझी फरशी स्वस्थ असे. समोरचे मूल खुशाल झोपत होते, चिमण्या ग्रिलवर बसून होत्या, आणि मी चहाचा कप हातात धरून पायाखालच्या शांततेला कान लावून उभी राही. त्यांच्यासाठी म्हणून मी रोज खाली जात होते, अशी माझी समजूत होती; ती त्या चार दुपारी राहिली नाही.

पाचव्या दिवशी तो कंप आला. मी चहा तसाच ठेवून खाली गेले. काकांनी सवयीप्रमाणे शेवटचे पान काढले, तळाशी बोट ठेवले, पण गठ्ठा सरकवला नाही. "वाचा," म्हणाले.

ते कुठल्या थंड देशातले नाव होते, जिभेला सहज न वळणारे. मी वाचले.

"पुन्हा. सावकाश."

मी पुन्हा वाचले. त्यांनी ते माझ्यामागून म्हटले, जवळजवळ बरोबर. "कुणाचा तरी मुलगा असेल," ते म्हणाले. "त्याच्या बापाला कुणी दाखवलं असेल काय?" आणि दाभण उचलून त्यांनी समासावर पहिले भोक पाडले. पुढे प्रत्येक नाव असे एकदा मोठ्याने उच्चारल्याशिवाय त्यांनी एकही नोंद शिवली नाही.

बदली झाल्यावर मी ऐरोली सोडली. निघताना त्यांनी मला आठवा खंड दिला. तो अजून माझ्याकडे आहे. पाठ कडक, आणि मोरचुदाचा वास अजून पुरता गेलेला नाही. बांधणाऱ्याचे नाव त्यावर कुठेही नाही. कधी घर फार शांत झाले की मी तो दोन्ही हातांनी दाबून उघडते, त्या थंड देशातल्या मुलाचे नाव शोधते, आणि सावकाश, मोठ्याने वाचते.