दोन-दोन फुटांवरचा गारठा

नाव : गोरख सावळाराम शिळीमकर. वय : एक्कावन्न. राहणार : गुंजवण्याच्या वरच्या अंगाची वाडी, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे. शिक्षण : नववी. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याचा व्रण. सदर इसम उष्णतारोधक भिंती उभारण्याच्या कामी निष्णात असून, त्याने उभारलेल्या भिंतीतून थंडी अथवा उष्णता ये-जा करीत नाही, असे प्रमाणित करण्यात येते.

शेवटचं वाक्य एका ठेकेदार कंपनीने छापून दिलेल्या प्रमाणपत्रातलं आहे. ते गोरखने चौकटीत बसवलं आणि घरातल्या एका भिंतीवर टांगलं. भिंत त्यानेच उभारली होती. ती का उभारली, ते आधी सांगायला हवं.

त्याची बायको रत्ना हिला काही वर्षांपूर्वी क्षय झाला होता. तो औषधांनी बरा झाला. जाताना एक फुप्फुस निकामी करून गेला. दर थंडीत ती थोडी जास्त खोकायची आणि दर उन्हाळ्यात थोडी कमी भरून यायची. भोरच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी चिठ्ठीच्या पाठीमागे दोनच शब्द लिहिले, धूर आणि गारठा, आणि दोन्हींवर फुली मारली. यंदाची थंडी नीट निघाली पाहिजे, असं तोंडी सांगितलं.

गोरखने ते काम अंगावर घेतलं. वीस वर्षं तो पुण्यातल्या ऑफिसांमध्ये पार्टिशनं उभी करत होता. त्याच्या घराच्या भिंती मात्र कारवीच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या. घरात चूल आणि कुडापलीकडे गोठा. एप्रिलमध्ये त्याने चूल काढून गॅस आणला, झोपायच्या बाजूचा कूड उतरवला आणि तिथे ऑफिसात असते तशी खोली केली. पन्हाळीसारखे वाकवलेले पत्र्याचे खांब, ज्यांना स्टड म्हणतात, ते दोन-दोन फुटांवर उभे केले. बाहेरून सिमेंटची शीट लावली, आतून जिप्समचा बोर्ड, आणि मधल्या पोकळीत काचेची लोकर ठासून भरली. वर पांढरा रंग. गोठ्याकडचा कूड तेवढा राहिला.

वाडीतली माणसं बघायला आली. शेजारचा धनाजी उंबऱ्यात थांबून म्हणाला, "दादा, हितं चपला काढून यायचं, का आदी फोन करून?" गोरखला हे फार आवडलं.

दिवाळीच्या आधी घरोघरी बायका कूड लिंपायला बसल्या. रत्नाला लिंपायला भिंतच उरली नव्हती. तिने गोठ्याचा कूड दोन्ही अंगांनी लिंपून काढला, बोटांच्या कमानी ओढत, धापा टाकत. गोरख म्हणाला, गुरांना काय नक्षीचं कौतुक. ती म्हणाली, हाताला सवय हाय.

मार्गशीर्षात वाडीखालच्या धरणाच्या पाण्यावरून धुकं चढायला लागलं. रत्नाने पांढऱ्या भिंतीवर तळवा ठेवला, ती लिंपताना ठेवायची तसाच, आणि हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेला.

"हितं गार हाय," ती म्हणाली. "मग जरा बरं. मग परत गार. दोन-दोन फुटांवर."

"तुज्या बापानं कदी ग्लासवूल बगितली हुती का?"

"न्हाई. पर त्यांच्या भिंतीला घाम येत न्हवता."

घाम खरोखरच आला होता. बोर्डावर उभ्या ओल्या रेघा उमटल्या, सारख्या अंतरावर, आखल्यासारख्या. पुढे त्यांवर धूळ बसून त्या काळपट झाल्या. गोरखच्या धंद्यात भिंतीवर पाणी म्हणजे गळती. दोन महिने पाऊस नव्हता, तरी तो गळती शोधायला छपराच्या पत्र्यावर चढला. भोक सापडलं नाही. मग त्याने रेघांवर पुट्टी फिरवली आणि पुन्हा रंग दिला. रेघा आठवड्यात परत आल्या. ते पाणी रत्नाच्या श्वासाचं होतं. गार पत्रा जिथे बोर्डाला टेकत होता, तिथे तिचा श्वास जाऊन बसत होता. हे त्याला तेव्हा कळलं नाही.

रत्नाने तिच्यापुरता उपाय केला. खाटेच्या बाजूने, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार खिळ्यांवर जुनी वाकळ टांगली. आठेक दिवस तिचा खोकला जरा बसला. मग एका रविवारी धनाजी सरपंचांना भिंत दाखवायला घेऊन येणार असं ठरलं. गोरखने वाकळ उतरवली, खिळ्यांची भोकं बुजवली, वाकळेची घडी करून पेटीत घातली. फिनिशिंग झाकून ठेवायची काही त्याची पद्धत नव्हती. सरपंच भिंतीवर टकटक करून फार छान म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. सोमवारी गोरख आठवड्याभरासाठी कामावर गेला. पेटी बंदच राहिली.

काम सारोळ्याला होतं, नीरेच्या पुलाजवळ. औषधं ठेवायची थंड खोली बांधायची होती. तिथल्या इंजिनिअर शेफाली मॅडमनी गुरुवारी त्याचं काम थांबवलं. त्यांच्याकडे तापमान मोजायची बंदूक होती. भिंतीवर धरली की आकडा दाखवायची. लोकर होती तिथे एक आकडा आला, स्टडवर भलताच. मॅडमनी रस्त्यापलीकडच्या पुलाकडे बोट दाखवलं.

"काका, नदी अडवलीत, छान केलंत. पण दोन-दोन फुटांवर पूल बांधून ठेवलेत. लोकर कितीही भरा, निम्मा गुण पत्रा पळवतो."

उपाय साधा होता. सगळ्या सांगाड्याला बाहेरून थर्माकोलची अखंड शीट लावायची, म्हणजे पत्रा उघडा पडत नाही. गोरखने विचारलं, घरच्या भिंतीला चालंल का. मॅडम म्हणाल्या, घरात एवढी गरज कोणाला असते?

"आमच्या मंडळींना," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्याने शीटा मिळवल्या, बंदूक दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि शनिवारी जाणारा टेम्पो ठरवला. शुक्रवारी दुपारी धनाजीचा फोन आला. वहिनींना दम लागला होता, भोरला आणलं होतं. गोरख तसाच भोरला गेला.

रत्नाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ती काही बोलण्याआधी त्यानेच सांगून टाकलं की तिचं खरं होतं, दोन-दोन फुटांवर गार होतं, शीटा आणल्यात, बाहेरून लावायच्या, उद्याच लावतो. तिने मास्क जरा बाजूला केला.

"वाकळ पेटीत हाय," ती म्हणाली. "वास लागंल. उन्हात टाका."

रविवारी सकाळी ती गेली. डॉक्टरांनी कारणाच्या रकान्यात फुप्फुसाचा जुना विकार लिहिला आणि गोरखला सांगितलं की यात कोणाचा दोष नाही. वाडीतही कोणी भिंतीला बोल लावला नाही. उलट दहाव्याला आलेले पाहुणे म्हणत होते, शेवटचे दिवस तरी चांगल्या खोलीत काढले बाईनं.

दहावा झाल्यावर गोरखने परत द्यायची राहिलेली बंदूक काढली. पहाटेचं धुकं अजून उतरलं नव्हतं. लोकरीवर पंधरा अंश. स्टडवर अकरा. मग तो गोठ्यात गेला आणि रत्नाने लिंपलेल्या कुडावर बंदूक धरली. सोळा. गुरांच्या अंगाची ऊब त्यात धरली पाहिजे, हे त्याला समजत होतं. त्याने तीन वेळा मोजलं.

नंतर त्याने बाहेरून शीटा लावल्या. एकही फट ठेवली नाही. बंदूक परत करताना त्याने मॅडमना आकडे सांगितले. आता सगळ्या भिंतीवर एकच येत होता. मॅडम म्हणाल्या, उत्तम काम. आतल्या काळ्या रेघाही परत आल्या नाहीत. त्या थर्माकोलमुळे गेल्या, की आत श्वास घेणारं कोणी नसल्यामुळे, हे काही बंदुकीवर दिसत नाही.

प्रमाणपत्र जागच्या जागी आहे आणि त्यातला मजकूर आता अक्षरशः खरा आहे. वाकळ गोरखने उन्हात टाकली, तीन दिवस.

तो गोठ्यात झोपतो.