नक्की-का

आमच्याकडे पाहुणे आले की जेवणानंतर एक गोष्ट हटकून निघते. ती सांगतो मिलिंद, म्हणजे माझा नवरा, आणि छान सांगतो, हातवारे करून. त्या गोष्टीतला एक तुकडा त्यालाही माहीत नाही. तो मला एकटीला माहीत आहे, आणि आजवर मी तो सख्ख्या बहिणीलाही सांगितलेला नाही. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका — तुम्ही आमच्याकडे जेवायला येणार नाही, म्हणून असेल.

आधीच सांगून टाकते, मी सुखात आहे. धायरीतला फ्लॅट, गॅलरीतून दिसणारी टेकडी, दहावीतली मुलगी. नवरा भांडतो कमी आणि भाजी चिरतो बारीक. माणसाला आणखी काय हवं? खरी गोम तिथंच आहे.

तेव्हा आम्ही दोघं हिंजवडीला एकाच टीममध्ये होतो. लग्न नव्हतं, तसं काही बोलणंही नव्हतं. तो चंद्रपूरचा, मी कसब्यातली. काम असं, की एका मशिनची डिस्क दुसऱ्या मशिनला वायरवरून वापरू द्यायची, त्याच्या पोटातच बसवलेली असावी तशी. डिस्कचे बारीक तुकडे असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. नुसता डेटा देऊन भागत नाही; कुठला ब्लॉक रिकामा, कुठला कालपासून बदलला, हेही मागेल त्याला सांगावं लागतं. अशा प्रत्येक माहितीला नाव द्यायचं. शाळेच्या हजेरीसारखं, आडनाव आधी — आडनाव कंपनीचं, नाव त्या माहितीचं. आणि पलीकडच्यानं नुसतं आडनाव घेऊन विचारलं, 'तुमच्या घरात कोण कोण आहे?' तर सर्व्हरनं, म्हणजे डिस्क देणाऱ्या मशिननं, सगळी नावं सांगून टाकायची. लपवाछपवी नाही. हा नियम मीच लिहिला होता. मी — बघा!

आमचे मॅनेजर दीक्षित सर. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना काहीही सांगा, 'झालं', 'तपासलं', 'आज बुधवार आहे', त्यांचा प्रश्न एकच: "नक्की का?" त्यामुळे पाठीमागे त्यांचं नावच नक्की-का.

मिलिंदचं तेव्हा अमेरिकेला जायचं ठरलं होतं. सहा महिने, आमच्याच कस्टमरकडे. व्हिसा झाला होता, चंद्रपूरला आईनं पेढे वाटले होते. एक भली मोठी निळी बॅग घेऊन तो थेट ऑफिसात आला आणि सगळ्यांना चाकं फिरवून दाखवली.

एका दुपारी तो खाली चहाला गेला. माझं मशिन अडकलं होतं, म्हणून मी त्याच्या जागेवर बसले. काही ब्लॉक असे असतात, की ते रिकामे आहेत की नाहीत हे सर्व्हरलाच धड माहीत नसतं. त्यांची माहिती वेगळी देता येते का, बघायचं होतं. मग नाव काय द्यावं? अहो, हात शिवशिवले! नक्की-का. चाललं. एकटीच हसले. तेवढ्यात तो आला, मी उठले, आणि ते काढायचं राहिलं. राहिलं — की काढलं नाही? राहिलं. एवढं तरी खरं आहे. संध्याकाळी त्यानं आपल्या कामाबरोबर तेही न बघता पुढे पाठवलं.

आठवड्याभरानं कस्टमरबरोबर फोनवर मीटिंग. टेबलाच्या मधोमध स्पीकर. पलीकडच्या भल्या माणसानं नम्रपणे विचारलं, तुमच्या यादीत तीन नावं येतात, दोन समजली — "व्हॉट इज नॅकी-का?"

खोलीत सहा माणसं, सहाही टेबलाकडे बघताहेत. सरांचे कान लालभडक. म्हणजे ते नाव त्यांना ठाऊक होतं, आणि बहुधा कितीतरी दिवस. मला फार वाईट वाटलं, खरंच.

फोन ठेवल्यावर त्यांनी नोंदी उघडल्या. कोणी, कधी, काय बदललं, हेही सगळं लिहिलेलं असतंच. नाव मिलिंदचं. तो डोकं खाजवत स्क्रीनकडे बघत राहिला. तात्पुरत्या गोष्टींना असली नावं द्यायची त्याला खोडच होती. एकाचं नाव त्यानं 'सावजी' ठेवलं होतं. म्हणाला, "माझ्याच नावावर आहे, म्हंजे मीच टाकलं असन, सर."

आणि सर — सवयीनं, दुसरं काय — म्हणाले, "नक्की का?"

कुणीतरी हसू दाबायला खोकलं. मी मिलिंदच्या समोर बसले होते. बोलले असते तर काय झालं असतं? फार तर बोलणी बसली असती. माझं कुठं तिकीट निघालं होतं! मी पेनाला टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

"नक्की," मिलिंद म्हणाला.

सरांनी त्याचं जाणं रद्द केलं; अमेरिकेला त्याच्याऐवजी दुसऱ्या टीममधला एक जण गेला. वाटलेले पेढे काही परत मागता येत नाहीत. त्याची आई वर्षभर शेजारणींना 'व्हिसाचं अडकलं' असं सांगत राहिली. माझ्यापायी त्या बाईलाही खोटं बोलावं लागलं.

मी घाबरले होते, असं स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. भित्री आहेच मी. पण तेवढंच होतं का? आता इतकं सांगितलंय, तर तेही सांगते. त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला, चेहरा पाडून. मी डेक्कनपर्यंत त्याची समजूत काढली. आणि आतून मला आनंद झाला होता. साधासुधा नाही, चांगला पोटभर. तो जाणार नव्हता. त्याचं नुकसान मी केलं होतं, आणि मला गोड वाटत होतं. गोष्टींना नावं देण्याचा पगार घेत आले इतकी वर्षं, पण याला नाव सापडलेलं नाही.

दीड वर्षानं आमचं लग्न झालं. निळी बॅग माळ्यावर आहे, तिच्यात रजया असतात. दर थंडीत तोच ती खाली काढतो आणि चाकं अजून कशी फिरतात ते दाखवतो.

परवाच्या रविवारी पाहुण्यांसमोर त्यानं पुन्हा ती गोष्ट सांगितली. शेवट ठरलेला: "त्या एका नावापायी माझी अमेरिका गेली, अन् ही भेटली." सगळे हसले. मीही. मुलगी संत्रं सोलत होती. म्हणाली, "बाबा, तुला लिहिल्याचं आठवतच नाही, मग तूच टाकलंस कशावरून?"

"तुझ्या आईला विचार. समोरच बसली होती."

तिनं माझ्याकडे बघितलं. "आई, नक्की का?"

मी संत्र्याची सालं गोळा केली.

"नक्की," मी म्हटलं.