पुलापलीकडची हाडी

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक प्रकरणांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते, आणि ते उभे राहिले की तो दिवस वाईट जातो. त्यातली काही माणसे हयात आहेत, म्हणून नावे लिहीत नाही.

मी तेव्हा म्हैसूर जिल्ह्याच्या गुन्हे शाखेत इन्स्पेक्टर होतो. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, ठाण्यात कन्नड, अशी माझी सगळी नोकरी गेली.

दसरा तोंडावर आला होता. बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींच्या कवायतीची तालीम सुरू होती. ठाण्याठाण्यांतून माणसे काढून शहराच्या बंदोबस्ताला लावली जात होती. त्याच आठवड्यात एका दगडखाणीच्या गोदामातून जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर चोरीला गेले. पहारेकऱ्याला बांधून किल्ली घेतली होती. बाकी कशालाही हात लावला नव्हता. भुरटा चोर असा वागत नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेला, जंगलात, एक हत्यारबंद टोळी वावरत होती. लाकूडचोरीपासून सुरुवात करून ती आता स्वतःला जंगलाचे सरकार म्हणवून घेत होती. आम्हा सगळ्यांचा संशय तिच्यावरच होता. वरिष्ठांना काळजी होती ती शहराची, कवायतीला जमणाऱ्या गर्दीची.

खबर आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. शहरातला एक घाऊक औषधविक्रेता स्वतः ठाण्यात आला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "सर, एक कंपाउंडर माझ्याकडून नेहमी माल नेतो. हिवतापाच्या गोळ्या, सलाइन, साप चावल्यावरचं इंजेक्शन. जंगलातल्या लोकांसाठी नेतो म्हणतो. या वेळी मात्र त्यानं भाजल्यावरचं मलम आणि पट्ट्या मागितल्या. इतक्या, की मी थट्टेत विचारलं, कुठं लढाई आहे काय? तर तो हसला नाही."

तो हसला नाही, हे मला महत्त्वाचे वाटले. त्याच दुपारी आम्ही कंपाउंडरच्या घरी गेलो. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. घराणे पूर्वी मराठी मुलखातून आलेल्या रंगाऱ्यांचे. आता त्या घरात कुणी कापड रंगवत नव्हते. माझी नावपट्टी वाचून त्याची बायको मराठीतच बोलू लागली.

"अय्यो सार, ह्यांनी काय केलं? हे तर सुट्टीलाही घरात नसतात. जंगलातल्या लोकांना औषध देत फिरतात."

"थोडी चौकशी आहे, अक्का," मी म्हणालो.

भरलेली थैली दाराजवळच होती. त्याने मुकाट्याने चपला घातल्या.

ठाण्यात मात्र त्याचे तोंड उघडेना. कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर, "गोत्तिल्ल सार." माहीत नाही. माझा सब-इन्स्पेक्टर बाह्या सरसावू लागला. मी त्याला बाहेर पाठवले. माराने माणूस बोलतो, पण मार थांबावा म्हणून बोलतो. त्यातून खरे वेगळे काढण्यात वेळ जातो, आणि वेळच आमच्याकडे नव्हता. मी टोळीचा विषय सोडला आणि विचारले, "तुम्ही तिकडे जायला लागलात कसे?"

यावर तो बोलला. एका धर्मादाय दवाखान्याच्या गाडीवर तो नोकरीला होता. गाडी हाड्यांवर जायची. जंगलातल्या आदिवासी वस्तीला आमच्याकडे हाडी म्हणतात. पुढे गाडी बंद पडली. हा एकटाच बसने आणि मग पायी जात राहिला.

"त्यांना जंगलातून काढून कडेला आणून ठेवलं सार. जमीन देतो म्हणाले, रस्ता देतो म्हणाले. पत्र्याच्या शेड दिल्या. मध्ये नदी. पावसात पेशंटला झोळीत घालून, छातीएवढ्या पाण्यातून आणायचं. किती जण वाटेतच गेले, मी बघितलंय."

"आणि टोळी?"

तो हळूच म्हणाला, "ते आधी मीठ आणि कांबळी घेऊन आले. दारूचं दुकान बंद केलं. भांडणं मिटवायला लागले. लोकांना वाटलं, कुणीतरी विचारतंय. नंतर घरटी एक जवान पोर मागायला लागले. तेव्हा नको म्हणायची कुणाची ताकद नव्हती."

"आणि तुमच्याकडे काय मागितलं?"

"औषध न्यायचं तर आमचं सामानही ने, म्हणाले. नाहीतर पाऊल टाकू नको."

नदीवर त्याच वर्षी पूल झाला होता आणि पलीकडे पोलीस चौकी बसली होती. दसऱ्यामुळे तिथली निम्मी माणसे शहरात आली होती. मला आता शहराची नव्हे, त्या चौकीची धास्ती वाटू लागली.

"चौकीवर पाणी कोण भरतं?" मी विचारले.

"हाडीतल्या बायका."

"कुठून जातात?"

"पुलावरून. विहीर अलीकडच्या काठाला आहे." त्याचा आवाज खाली गेला. "पण सार, ते म्हणाले, रिकामा पूल उडवणार. माणूस मरणार नाही. शपथ घेतली."

"मग एवढं मलम, एवढ्या पट्ट्या कुणासाठी मागितल्या?"

हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नसावा, किंवा विचारायला धजावला नसावा. मग चेहरा ओंजळीत धरून तो रडला. रडत रडतच जागा, दिवस, माणसे, सगळे सांगितले. जबाब संपल्यावर म्हणाला, "माझं काय ते करा. पण हाडीत तापाची साथ आहे. त्या थैलीतल्या गोळ्या पोचू द्या."

त्याच्या अटकेची नोंद केली, वरिष्ठांना कळवले आणि पहाटे निघालो. पट्ट्या आणि मलम मुद्देमालात ठेवले. गोळ्या एका सरकारी डॉक्टरच्या हाती देऊन त्याला सोबत घेतले. पुलाच्या खांबाशी स्फोटके सापडली. बॉम्बशोधक पथकाने ती निकामी केली, पंचनामा झाला. पलीकडच्या झाडीत दोघे जण लपले होते. एक निसटला. दुसरी हाती लागली, ती विशीतली मुलगी होती, त्याच हाडीतली. अंगावर मळलेला हिरवा शर्ट, पाय अनवाणी.

महिला कॉन्स्टेबलच्या समोर मी तिला विचारले, "पाणी भरणाऱ्या बायका तुझ्याच ना? मावश्या, आत्या?"

"हो."

"मग हा पूल का उडवणार होतीस? तो पडला असता तर तुमचेच लोक पुन्हा अडकले असते."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "माझी आई याच नदीत झोळीत मेली. तेव्हा आम्ही पूल मागितला, तर नाही म्हणाले. तुमची चौकी आली आणि पूल झाला. तो तुमच्या जीपसाठी आहे."

सब-इन्स्पेक्टर तिच्यावर ओरडला. मी त्याला गप्प केले. तिच्या म्हणण्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. आणि तरीही तिने जे करायला घेतले होते ते झाले असते, तर पुलावरून पाणी नेणाऱ्या तिच्याच मावश्या मेल्या असत्या.

दसरा शांततेत पार पडला. वर्तमानपत्रांनी आमची पाठ थोपटली. महिन्याभराने टोळीने हाडीच्या यजमानाला, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या प्रमुखाला, खबऱ्या ठरवून गोळी घातली. त्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता. त्याच्या देहाचा पंचनामा मीच केला. गावकऱ्यांपैकी एकही पंच व्हायला तयार होईना; आम्हाला दूरच्या गावातून दोघे आणावे लागले. कंपाउंडरला आणि त्या मुलीला शिक्षा झाली. कंपाउंडर तुरुंगातून सुटला तेव्हा त्याची छाती क्षयाने पोखरली होती. तो पुन्हा जंगलात गेला नाही.

पुढच्या काही वर्षांत टोळी मोडली. चौकी मात्र वाढत गेली, आणि जागा अपुरी पडली म्हणून आमच्याच माणसांनी शेजारी नव्याने बांधलेल्या आरोग्य उपकेंद्रात बिछाने टाकले. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या दौऱ्यात ते माझ्या दृष्टीस पडले. मी संतापलो. इमारत रिकामी करायला लावून ती आरोग्य खात्याच्या ताब्यात दिली.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम बघायला गेलो. जागेअभावी चौकी तालुक्याच्या गावी हलली होती, आणि उपकेंद्राला कुलूप होते. नर्स आली होती, राहायला सोय नाही म्हणून बदली घेऊन गेली, असे कळले. पायरीवर एक म्हातारी बसली होती. मी पूर्वीचा पोलीस अधिकारी हे तिला ओळखता आले नाही. मी विचारले, "अज्जी, आजारी पडलं की आता कुठं जाता?"

ती म्हणाली, "आधी इथं पोलीस राहायचे. त्यांच्याकडे जीप होती. कुणी फारच आजारी झालं, की हातापाया पडून नेता यायचं. मग कुणा मोठ्या साहेबानं त्यांना इथून काढलं." आणि मला विचारले, "तुम्ही शहरातले दिसता. त्या साहेबाला कोण सांगेल?"

देशाची अंतर्गत सुरक्षा या विषयावर मी पुढे प्रशिक्षण केंद्रात बोलायला जात असे. स्फोटके कशी शोधली, माणूस कसा बोलता केला, हे तरुण अधिकारी मन लावून ऐकत. शेवटी मी त्यांना त्या म्हातारीचा प्रश्न सांगायचो. तोवर चहाची वेळ झालेली असायची.