सासुरवाडीला वळसा

आमच्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यामुळे इथल्या माणसाला समुद्राची ओढ जरा जास्तच. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या सायकल गटानं एका वर्षी ठरवलं, की हिवाळ्यात कोकण किनाऱ्यानं सायकली चालवायच्या. दापोलीहून निघायचं, गुहागर, गणपतीपुळे करत मालवण गाठायचं, वाटेत खाडी आली की सायकल बोटीत चढवायची. पण किनारा काही कुणाच्याही नशिबात नसतो, असं आमच्या कप्तानांचं मत होतं. कप्तान दातांचे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलायची सवय, त्यामुळे त्यांच्यापुढं उलट बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी अट घातली: जो आधी दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करील, तोच किनाऱ्याला येईल.

मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, कॉलेजात भूगोल शिकवणारा. खाडी कशी होते, पुळण कशी साचते, हे पंचवीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. समुद्र मात्र आयुष्यात दोनदाच पाहिलेला, त्यातला एकदा बसच्या खिडकीतून. रक्तात साखर निघाली म्हणून मी सायकल घेतली होती आणि आता किनारा पाहायचाच म्हणून हट्टाला पेटलो होतो.

भूगोलाचा माणूस म्हणून मार्ग आखायचं काम माझ्याकडे आलं. मी लगेच फर्दापूरचा मार्ग सुचवला. घाट आहे, हवा आहे, लेण्यांच्या पायथ्याशी चहा आहे, अशी कारणं दिली. खरं कारण एकच होतं, की त्या रस्त्यावर माझं एकही पाहुण्याचं घर नाही. आमच्याकडं सायकलचा मार्ग चढउतार पाहून आखून चालत नाही. कुठल्या गावात कुणाची लेक दिली आहे आणि कुठून कुणाची केली आहे, ते आधी पाहावं लागतं. पण फर्दापूरचा रस्ता त्या वर्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत खणलेला होता. इतका, की अजिंठ्याला आणखी चार लेणी मिळतील असं वाटावं. तेव्हा गटानं बहुमतानं लासूर स्टेशनचा रस्ता धरला. लासूरवरून वैजापूर, तिथून येवल्याच्या अलीकडे वळायचं आणि आल्या वाटेनं परत.

लासूर आणि वैजापूरच्या मध्ये माझी सासुरवाडी आहे. गाव रस्त्याच्या कडेला नाही, रस्ताच गावाच्या पोटातून जातो.

ज्यांना सासुरवाडी शहरात मिळाली त्यांना यातली अडचण कळायची नाही. खेड्यात जावई हा माणूस नसतो, तो एक कार्यक्रम असतो. तो येतो तेव्हा कपड्याला इस्त्री असावी लागते, त्याला टॉवेल-टोपी द्यावी लागते, आणि तो बोलला तर अख्खी आळी ऐकायला बसते. आणि मी त्या गावातून जाणार होतो ती आतून गादी शिवलेली, फळाला साल चिकटावी तशी मांडीला चिकटलेली काळी चड्डी घालून. वर पोपटी बनियनसारखं काहीतरी, डोक्यावर हेल्मेटचं टोपलं. उभा जन्म ज्या गावात मी पँटची इस्त्री मोडू नये म्हणून मांडी घालून बसलो नाही, त्या गावातून.

बायकोला या सगळ्याचं काही नव्हतं. तिची अडचण वेगळी होती आणि खरी होती. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, गावात एकटे राहायचे. शेजारी पुतण्याचं घर, तिथून दोन वेळचं ताट यायचं. वय विचारलं की निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी पाळण्यात होतो म्हणायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. तपासणी शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दिवाळीच्या आत केलं नाही तर एक डोळा हातचा जाईल. ऑपरेशन शहरात करायचं तर पंधरा दिवस आमच्याकडे राहावं लागणार, दिवसातून सहा वेळा थेंब घालावे लागणार. आणि लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा म्हाताऱ्याचा नेम. पंचवीस वर्षांत ते आमच्याकडे चार वेळा आले आणि चारही वेळा तांब्या सोबत घेऊन आले. लेकीनं विनवण्या केल्या, मुलानं पुण्याहून फोन केले, काही उपयोग झाला नाही. उपाय एकच राहिला होता. जावयाचा शब्द मोडायचा नाही, हाही त्यांचाच नेम होता. जावयानं दारात येऊन, तोंडानं, चला म्हणायला हवं होतं.

मी ते दोन महिने उद्या-परवावर ढकलत होतो. कधी पेपर तपासायचे होते, कधी सायकलचा सराव होता. शेवटी बायको म्हणाली की त्याच रस्त्यानं जाताय, दहा मिनिटं थांबा. तिनं वडिलांना फोन करून कळवलंही, की रविवारी सकाळी जावई सायकलवर येतायत. माझ्या पाठीवरच्या पिशवीत तिनं घडी घालून एक लेंगा ठेवला. मी तो पहाटे निघताना हळूच बाहेर काढून कपाटात टाकला. कप्तानांचा नियम होता की सायकलवर एक ग्रॅमही जास्त नको. माझं स्वतःचं वजन शहाऐंशी किलो होतं, पण लेंग्यानं वेग कमी झाला असता.

निघालो आम्ही दहा जण. पहिल्या पंचवीस किलोमीटरपर्यंत मी गटात होतो, त्यानंतर गट पुढं आणि मी मागं. लासूर स्टेशनला पोचलो तेव्हा बाजारपेठ नुकती उघडत होती आणि बाकीचे नऊ जण केळी खाऊन कधीच निघून गेले होते. मीही दोन केळी खाल्ली आणि नकाशा डोळ्यांपुढं आणला. सासुरवाडीच्या अलीकडे तीन किलोमीटरवर कालवा आहे. कालव्याच्या कडेनं गेलं, की गावाला वळसा घालून पलीकडच्या फाट्यावर निघता येतं. बारा किलोमीटर जास्त. पण कुणाच्या दृष्टीस पडायचं नाही. परतताना थांबू, असं मी मनाला सांगितलं. परतताना काय चड्डीला पाय फुटून तिचा लेंगा होणार होता, हे मनानं विचारलं नाही.

कालव्याची वाट म्हणजे निम्मा चिखल आणि निम्म्या बाभळी. बोटभर टायरची ती नाजूक सायकल मी चार किलोमीटर खांद्यावर वाहिली. वाटेत मेंढरं घेऊन एक म्हातारी उभी होती. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं, सासऱ्यांचं नाव घेतलं, आणि तुम्ही त्यांचेच जावई ना, गाव तर तिकडं राहिलं, असं हात लांब करून दाखवलं. मला माहीत आहे म्हटलं. मग इकडं का, असं तिनं विचारलं नाही. तिनं तोंडाला पदर लावला, तेवढं पुरे होतं.

वैजापूरला पोचलो तेव्हा सव्वादहा वाजले होते. तिथं सगळ्यांनी वेळ नोंदवायची होती. कप्तान माझ्यासाठी म्हणून थांबले होते आणि फारच खुशीत होते. ग्रामीण भागातलं आदरातिथ्य आपण शहरातले लोक विसरलो आहोत, असं त्यांनी मला ऐकवलं. मग गटातल्या कुणीतरी टिपलेला फोटो मोबाइलवर दाखवला. फोटोत कप्तानांच्या टोपल्यावर पांढरी टोपी होती, खांद्यावर कोरा टॉवेल होता, आणि गॉगलच्या वरच्या बाजूला कपाळभर कुंकू. शेजारी माझे सासरे उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा.

कप्तानांनी सगळी हकिगत रंगवून सांगितली. कप्तान गटाच्या सगळ्यांत पुढं होते आणि गावाच्या वेशीत हे गृहस्थ हात आडवा करून उभे होते. सायकलची घंटी ऐकली आणि पुढं झाले, टोपी घातली, टॉवेल दिला, जावईबापू जावईबापू करत काहीतरी बोलत होते. कप्तानांना वाटलं, गावानं सायकलस्वारांचं स्वागत केलं. घड्याळ चालू होतं, म्हणून कप्तान हात जोडून न बोलता निघाले. बोलण्याची हौस असलेला हा माणूस जन्मात एकदाच गप्प बसला, तोही नेमका तिथं.

मला काय झालं ते सरळ सांगतो. मला माझी लाज वाटली. चड्डीची नाही, माझी. येवल्याच्या अंगाला अजून पंचवीस किलोमीटर जायचं होतं आणि वेळ हाताशी होता, पाय चालत होते, किनारा दिसत होता. मी कप्तानांना सांगितलं की माझं नाव काढून टाका. टोपी-टॉवेल मागून घेतले आणि सायकल उलटी वळवली. या वेळी सरळ रस्त्यानं.

गावात शिरलो तेव्हा पारावरची चार माणसं उठून उभी राहिली. नमस्कार करावा की खाली पाहावं, हे त्यांचं ठरेना. मी सायकल सासऱ्यांच्या ओट्याला लावली. ते एकटेच बसले होते, फेटा काढून मांडीवर ठेवलेला. मी वाकून नमस्कार केला आणि मामा, मी आलोय, म्हणालो.

आवाज ओळखून त्यांनी मान वर केली. "पुन्हा आलात व्हय?" त्यांनी विचारलं.

सकाळचा तो मी नव्हतो, हे समजवायला मला बराच वेळ लागला. मग तो कोण, असं त्यांनी विचारलं. दातांचे डॉक्टर, असं सांगितलं, तर आपला सत्कार कुणाला लागला याचा ते थोडा वेळ विचार करत राहिले. मग तुम्ही कुठून गेलात, हा प्रश्न आलाच. मी कालव्याचं सांगितलं. का, म्हणाले. मी म्हणालो की कपडे बरोबर नव्हते. त्यांनी हात पुढं केला, चाचपत माझ्या गुडघ्यावर आणला. तिथं कापड नाही हे त्यांच्या लक्षात आलं. हात काढून न घेता ते म्हणाले, "मला कुठं दिसतंय, जावईबापू?"

मी टोपी-टॉवेल त्यांच्या शेजारी ठेवले. मग ते सकाळचं सांगू लागले, अगदी सावकाश. टोपी घातली, टॉवेल दिला, अन् माणूस एक शब्द न बोलता गेला, तेव्हा त्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं. तिकडं लेक फोनची वाट पाहत असणार. तिनंच त्यांना फोनमध्ये एक बटण लावून दिलं होतं, ते दाबलं की तिलाच लागायचा.

"तिला म्या सांगितलं, जावई आले, घटकाभर बसले, च्या घेतला," ते म्हणाले. "डोळ्याचं लई बोलले, मीच नाय म्हणलो, असं सांगून टाकलं. तुमच्यावर कशाला येऊ द्यायचं?"

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही, लपवायचं कुणापासून होतं. मी म्हणालो, मामा, आजच चला. शेजारच्या पुतण्याची जीप आहे, तांब्या तुमचाच घ्या, पाणीही गावचंच घेऊ, पण चला. ते म्हणाले, लेकीला आधीच नाय सांगून बसलोय, आता व्हय कोणत्या तोंडानं सांगू, तुम्हीच सांगा. आणि खिशातला फोन काढून, बटण दाबून माझ्या हातात दिला.

तिकडून बायकोचा आवाज आला, वडील समजूनच बोलायला लागली. मी आहे म्हटल्यावर ती हसली. ते हसू मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अजून तिथंच आहात? अण्णा नाही म्हणाले तर म्हणू द्या. तुम्ही थांबलात ना, बस झालं," ती म्हणाली. "खरं सांगू? मला सकाळपासून वाटत होतं, तुम्ही कालव्यानं जाल."

सासऱ्यांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी माझा गुडघा जरा दाबला. मी सांगितलं तेच खरं म्हणा, असं त्यांना सुचवायचं होतं.

"कालव्यानंच गेलो होतो," मी म्हणालो. "अण्णांना घेऊन येतोय."

फोन मी त्यांच्या हातात दिला आणि त्यांचा तांब्या भरायला उठलो.