तेराच्या पाढ्याचा झोपाळा

कुणी दारात आलं की बाई पायाच्या अंगठ्याने झोपाळा थांबवायच्या, शेजारची जागा पदराने झटकायच्या आणि म्हणायच्या, "ये, बस. झोपाळ्याला वजन कळत नाही."

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि घरी आल्यावरही त्यांना थांबता येत नसे. आम्ही मुलं दुपारी त्यांच्याकडे जायचो ती झोपाळ्यासाठी. विज्ञान आपलं वाटेत भेटायचं. छत उंच, त्यामुळे पितळी साखळ्या चांगल्या लांब. झोका खिडकीतल्या उन्हात जायचा आणि सावकाश सावलीत परत यायचा. गतीचे नियम ऐकता ऐकता आमच्यातला एखादा हमखास पेंगायचा. बाई त्याला उठवत नसत.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगडबंब. मी काडीपैलवान. बाई आधी काकांना झोपाळ्यावर बसवायच्या, मग मला, आणि बाकीच्यांना तेराचा पाढा म्हणायला लावायच्या. वर काका असोत की मी, 'तेरा दाहे तीसासे' यायचं ते त्याच झोक्यावर.

"लंबकाला फक्त लांबी कळते," बाई सांगायच्या. "आखूड केलात की तो घाई करतो."

"झालं का माझं वजन करून?" काका डोळे न उघडता विचारायचे.

दर रविवारी बाई शिडीवर चढून वरच्या कड्यांना तेल घालायच्या. करकर म्हणजे वाया गेलेला झोका, असं त्यांचं मत. दुपारी मग दोघं शेजारी शेजारी बसायची, काही न बोलता. जिन्यात उभं राहिलं तर फक्त वाऱ्याची हलकीशी ये-जा जाणवायची.

काका गेले. काही वर्षांनी इमारत रिडेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं, आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. कुणाला कार्पेट एरिया वाढवून हवा होता, कुणाला पूर्वेची खिडकी. बाईंनी एकच विचारलं, "छत किती उंच?" नव्या घरांची छतं जुन्यापेक्षा बरीच खाली येणार होती.

बिल्डरच्या माणसाने नमुन्याचा फ्लॅट दाखवायला नेलं. तिथे स्टँडचा तयार झोपाळा होता. "मॅडम, हाच तुम्हाला आमच्याकडून गिफ्ट," तो म्हणाला. बाई बसल्या. डोळे मिटले. ओठ हलत होते, म्हणजे पाढा चालू होता हे मी ओळखलं. मग त्यांनी अंगठा टेकवला.

"घाई करतो हा."

"बाई, थोडी घाई चालवून घ्या की."

परतताना रिक्षात, बाहेर बघत बाई म्हणाल्या, "हे गेल्यापासून मी एकटीच बसते. पण झोका पूर्वीइतकाच वेळ घेतो. डोळे मिटले की शेजारी कुणी नाही हे झोपाळ्याला कळत नाही. मग मलाही कळत नाही. तेवढं राहू दे रे माझं."

गणितात आणि विज्ञानात मी काठावर पास झालेला माणूस, पण एवढं मला कळलं.

इमारत पाडली. बाई डोंबिवलीला भाड्याच्या घरात राहायला गेल्या. तिथे झोपाळ्याची फळी कपाटामागे उभी होती आणि साखळ्या जुन्या चादरीत गुंडाळलेल्या. मधल्या काळात बाई एकदम म्हाताऱ्या झाल्या. त्यांना बसलेलं पाहायची सवय आम्हाला होती, स्थिर बसलेलं पाहायची नव्हती.

नव्या इमारतीचे स्लॅब पडत गेले तसं एके दिवशी मी त्यांना साइटवर आणलं. घर त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. खाली आलो तर पार्किंगमध्ये त्या मान वर करून उभ्या. गाडीवर गाडी चढवायची यंत्रं बसणार म्हणून हा मजला भरपूर उंच ठेवला होता.

"इथे पुरेल," बाई म्हणाल्या. "मला मिळणार ना एक जागा?"

"बाई, तुम्हाला गाडी कुठे आहे?"

"झोपाळा आहे."

मीटिंगमध्ये गहजब झाला. दोन गाड्यांचे मालक असलेले एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "आज झोपाळा, उद्या कुणी पलंग टाकेल खाली."

"तुमच्या गाड्या दिवसभर नुसत्या उभ्या असतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझा झोपाळा निदान हलतो तरी."

सगळे हसले आणि ठराव पास झाला. बाई नव्या घरात राहायला आल्या तेव्हा मी स्वतः उभं राहून जुन्या मापाने साखळ्या लावून घेतल्या. त्या दिवशी बाई बसल्या, डोळे मिटून पाढा म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आले." एवढंच. मी जिना चढलो.

मग रोज दुपारी, दोन गाड्यांच्या मधे, बाई संथपणे उजेडात जायच्या आणि सावलीत परत यायच्या.

गेल्या थंडीत बाई गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं; पुतण्याने फ्लॅट भाड्याने दिला. त्या जागेचं काय करायचं, हा विषय मीटिंगमध्ये अजून कुणी काढलेला नाही. परवा तर ते दोन गाड्यांचे गृहस्थ शिडीवर चढून कड्यांना तेल घालताना दिसले. मला पाहून ओशाळले. "करकरत होता," म्हणाले.

काल दुपारी खाली कुणी नव्हतं. मी फळीच्या एका टोकाला बसलो, जमिनीला पायाने रेटा दिला आणि डोळे मिटून तेराचा पाढा म्हटला. तीसासे बरोबर त्याच झोक्यावर आलं. मी आणखी थोडा वेळ डोळे उघडले नाहीत.