अकराव्या मिनिटाची भैरवी

आमच्या सरांचं स्वरयंत्र सोमवारी काढायचं ठरलं होतं, आणि मला त्याआधी काहीही करून त्यांना एकदा लोकांसमोर पोटभर गायला बसवायचं होतं. हे खूळ माझं. त्यांनी मागितलं नव्हतं. डॉक्टरांनी निकाल सांगितला त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "चला, भाजीवाल्याशी घासाघीस करायची कटकट गेली," आणि घरी येऊन शिकवणीला बसले. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

सर म्हणजे कोणी नावाजलेले गवई नव्हेत. राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून भोपाळला आले, सर इथेच वाढले आणि सचिवालयात आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झाले. पण संध्याकाळी तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पंखा बंद करून ते तंबोरा लावायचे, तेव्हा शेजारची हिंदी मंडळीसुद्धा टीव्हीचा आवाज कमी करायची. तीस वर्षं मी त्यांच्याकडे शिकले. माझा गळा यथातथाच, त्यामुळे पुढे त्यांच्याच साथीला पेटीवर बसले.

आमच्या मराठी मंडळाची एक रीत होती. गणपतीत दर वर्षी पुण्या-मुंबईचा कोणीतरी मोठा पाहुणा बोलवायचा, आणि त्याची गाडी हमखास उशिरा यायची. "पाहुणे येईपर्यंत सर गातील." चाळीस वर्षं सर पाहुणे येईपर्यंत गायले. पाहुणे दारात उतरले की सेक्रेटरी विंगेत उभे राहून नळ बंद केल्यासारखा हात फिरवायचे. सर डोळे मिटून गायचे, म्हणून तो इशारा बघायचं काम माझं. मी पेटीवर भैरवीचे सूर धरायचे. ते कानावर पडले की सर असतील तिथे राग सोडायचे, दोन ओळी भैरवी म्हणायचे आणि नमस्कार करून उठायचे. इशाऱ्याशी वाद घालायचा नाही आणि भैरवी झाली की त्या बैठकीत पुन्हा तोंड उघडायचं नाही, हे त्यांचे दोन नियम.

एकदा तर सरांना थांबवलं ते टीव्हीवरच्या एका विनोदी नटासाठी. त्याने येऊन नवरा-बायकोच्या भांडणाच्या नकला केल्या, आणि मंडळ पोट धरधरून हसलं. पाहुण्याला घरचं जेवण द्यायची पाळी नेमकी सरांकडे होती. काकूंच्या हातच्या पाटोडीच्या रश्श्यावर ताव मारता मारता तो नट सरांना म्हणाला, "अरे वा, तुम्ही पण गाता का? छान, छान! छंद असावा माणसाला." काकूंनी त्याला पुढचं वाढलंच नाही. सर हसत बसले होते.

तर असं हे. त्या माणसाने आयुष्यात एकही राग लोकांसमोर पुरा गायला नव्हता, आणि आता वीस दिवस उरले होते.

मंडळाच्या हॉलचं प्लास्टर काढलेलं. "चैत्रात बघू," सेक्रेटरी म्हणाले. चैत्रात! मी त्यांना फोनवर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दोन शाळांत गेले, एका देवळात गेले, सगळीकडे नाक मुठीत धरून विनवण्या केल्या. सर म्हणाले होते, "अवं, घरीच गाऊ ना. पंधरा जणांना बोलव, काकू चहा करेल." मी ऐकलं नाही. मला स्टेज हवं होतं, दिवे हवे होते, माइक हवा होता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

शेवटी महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीचं ऑफिस सापडलं. तिथला माणूस लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "दीदी, शनिवार को साढ़े छह से सात एक स्लॉट खाली है. मंत्रीजी दीप जलाएंगे, उसके बाद कुछ संस्कृति टाइप चाहिए." अर्धा तास! मी टेबलावरचा त्याचा हात धरून त्याला आशीर्वाद द्यायचीच बाकी होते. मुख्य कलाकार कोण, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

ते कळलं चौकातल्या होर्डिंगवर. निळ्या केसांचा, गळ्यात साखळदंड घातलेला एक रॅपर, पंचविशीसुद्धा न गाठलेला. माझ्या शिकवणीतल्या मुली ज्याचं नाव काढलं की किंचाळतात, तोच. आणि त्याच्या बुटापाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'एवं शास्त्रीय गायन'. आमचे तबलजी रेल्वेत टेक्निशियन आहेत. ते म्हणाले, "ताई, पुरणपोळीवर शेजवान चटणी वाढलीत तुम्ही." मला हसू आलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

सरांना सांगायला गेले. नको म्हणतील असं वाटलं. नको म्हणावं असंही वाटलं, खरं सांगते. ते म्हणाले, "बाप्पा! आठ-दहा हजार लोक? मग काहून घाबरतेस? ऐकायला कान लागतात, ते तर सगळ्यांनाच असतात." आणि त्या दिवसापासून त्यांनी बोलणं बंद केलं, गळा राखायला. चहा हवा असेल तरी खूण करायचे.

शनिवारी मंत्र्यांनी दिवा लावला, फोटो काढले आणि ते गेले. त्यांच्याबरोबर पहिल्या तीन रांगा गेल्या. उरली ती सगळी पोरं. बॅरिकेडला छाती लावून उभी, दुपारपासून उन्हात तापलेली, एकाच नावाचा घोष करणारी. आम्ही स्टेजवर बसलो तर मोठ्ठी हूट उठली. मफलर काढून सरांनी षड्ज लावला आणि डोळे मिटले.

पूरिया धनाश्री होता. पहिली चार-पाच मिनिटं आवाज खरखरला, मी मनात देवाचा धावा करत होते. आणि मग लागला. खरंच लागला हो! गेलं वर्षभर जो आवाज खोकल्याखाली दबून होता तो मोकळा होऊन वर आला. पंचमावर थांबले तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तबलजींनी माझ्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरले होते.

पण खाली काय चाललं होतं! "अंकल, बस करो!" "नींद आ रही है!" एकाने माइकमध्ये शिरेल इतक्या जोरात बकरीचा आवाज काढला, तशी शेकडो पोरं बें बें करायला लागली. हजारो मोबाइलचे दिवे हलत होते, सगळे त्या दुसऱ्यासाठी. मग बाटल्या यायला लागल्या. एक अर्धी भरलेली बाटली तंबोऱ्याच्या भोपळ्याला लागून माझ्या मांडीवर पडली. मी विंगेकडे बघितलं. तिथे कोणीही नव्हतं. कंपनीच्या लोकांना आमचं काही देणंघेणं नव्हतं, आम्ही सातपर्यंत तिथे बसून भाकऱ्या थापल्या असत्या तरी त्यांना चाललं असतं.

मी कोमल गंधार दाबला. त्या रागात तो सूर नाहीच. दाबला, त्याच्याखालचे भैरवीचे सूर धरले आणि धरूनच ठेवले.

नंतर सगळ्यांना मी सांगितलं, बाटली त्यांच्या गळ्याला लागली असती. खोटं आहे. मला लाज सहन होईना. माझ्या सरांना बकरी म्हणत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसले होते, एवढंच होतं ते. घड्याळात सहा बेचाळीस झाले होते. अकरा मिनिटं गायले होते ते.

तान अर्ध्यावर होती. ती त्यांनी सोडली. क्षणभर थांबले, डोळे उघडले नाहीत, आणि भैरवीच्या दोन ओळी म्हटल्या. त्याही त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेल्या नसतील. नमस्कार केला. टाळ्या मात्र कडाडून पडल्या, आम्ही उठलो म्हणून.

मागे आमच्यासाठी एक कनात होती, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा जार. सर मफलर गुंडाळून बसले.  तेवढ्यात कनात बाजूला सारून तो निळ्या केसांचा मुलगा आत आला. साक्षात! त्याच्या तंबूत म्हणे पुढाऱ्यांची नातवंडं फोटोसाठी घुसली होती, म्हणून लपायला इकडे आला. होर्डिंगवर केवढा दिसायचा, प्रत्यक्षात माझ्या खांद्याएवढा. त्याने सरांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, आपने बीच में क्यों छोड़ दिया? मैं पीछे से सुन रहा था. अभी तो आप खुले थे."

 आठ-दहा हजारांतून एकाला कळलं होतं, तेही याला.

सर म्हणाले, "टाइम हो गया था, बेटा."

"अरे, किसका टाइम? मैं तो साढ़े सात से पहले चढ़ूंगा नहीं. आप मेरे साथ चलिए. मैं बोलूंगा चुप, तो सब चुप बैठेंगे. बीस मिनट, जितना गाना है गाइए."

ते खरं होतं. त्याने नुसता हात वर केला असता तरी ती पोरं देवळात बसल्यासारखी बसली असती. मी पेटी उचललीसुद्धा. पण सर हात जोडून म्हणाले, "भैरवी हो गई."

"मतलब?"

मी त्याला समजावलं, भैरवीनंतर गात नाहीत. तो म्हणाला, "तो क्या हुआ, आंटी? रूल ही तो है. कौन देख रहा है?"

जन्मात पहिल्यांदा मी एका रॅपरच्या बाजूने होते. मी सरांच्या पायाशी बसले. म्हटलं, "सर, गा हो. तुमच्या पाया पडते. सोमवार आहे परवा." ते मान हलवत राहिले. इशारा खोटा होता, कोणी थांबवलं नव्हतं, मी भ्याले, हे एवढं एक वाक्य मी बोलले असते तर सर कदाचित उठले असते. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिथे तबलजी होते, तो पोरगा होता, आणि मला तेव्हाही लाजच वाटली. जळो ती लाज!

बाहेरून कोणीतरी त्या मुलाला हाक मारली. त्याने सरांना वाकून नमस्कार केला, मला म्हणाला, "मनाइए इनको," आणि गेला. साडेसातला जमीन हादरायला लागली. आम्ही ऑटो शोधत गेटपर्यंत चालत गेलो.

रविवारी सकाळी मी पेटी घेऊन अशोका गार्डनला सरांच्या निवृत्तीनंतरच्या घरी पोचले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. कालची बैठक काल संपली, आज नवी, आज तर गाता येईल ना! पंधरा काय, पन्नास जणांना गोळा करणार होते मी. काकूंनी दार उघडलं आणि नुसती मान हलवली. काल त्या गोंगाटावर चढवलेला आवाज रात्रीतच बसला होता. सर पलंगावर टेकून बसले होते. मला बघून त्यांनी 'सा' लावायचा प्रयत्न केला. हवा आली. पुन्हा केला, पुन्हा हवाच आली. मग हसले.

तेव्हा मी बोलले. सगळं. विंगेत कोणी नव्हतं, कोणी हात फिरवला नाही, मला लाज वाटली म्हणून मी तुमची भैरवी करून टाकली. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं असणार. आता मारा मला, म्हटलं.

सरांनी मला जवळ बोलावलं. कान त्यांच्या तोंडापाशी नेला तेव्हा कुठे शब्द लागले. "माहीत आहे. मी डोळे उघडून बघितलं होतं, बाटली पडली तेव्हा. विंगेत कोणी नव्हतं."

"मग थांबलात काहून?" मी ओरडलेच. "गात का नाही राहिलात?"

त्यांना नवल वाटलेलं दिसलं, एवढी साधी गोष्ट मला कशी कळत नाही याचं.

"तू वाजवलीस ना," ते म्हणाले.

त्यानंतर ते दिवसभर बोलले नाहीत, गळा दुखत होता. सोमवारी सकाळी साडेनऊला त्यांना आत नेलं.