विहिरीबद्दलची एक ओळ

सोनबा गेल्याचं कळलं तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होतो. त्याच्याच कंपनीतला एक कामगार सायकल खिडकीशी टेकवून म्हणाला, "गुरुजी, सोनबा गेला. काविळीनं." मी मान हलवली आणि... वर्ग पुढे चालू ठेवला. अंत्यविधीला गेलो, पण सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. त्याच्या बायकोसमोर, यशोदावहिनींसमोर जायचा धीर झाला नाही. का, ते लिहायला मला महिना लागला.

महाळुंग्यापलीकडच्या या गावात माझी बदली झाली तेव्हा पिंपरीत नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. सोनबा तिकडे पहिल्या शिफ्टला सायकलवरून जायचा. मी मूळचा दूरच्या माण तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. इथली पायवाटही मला ठाऊक नव्हती. अशात वरून हुकूम आला, शाळेने गावाचा भूगोल आणि इतिहास लिहून काढावा. ज्याला विचारावं तो म्हणे, "बौद्धवस्तीतल्या सोनबाला इचारा." बांधाचा तंटा झाला की त्याच्या वाडवडिलांची साक्ष शेवटची मानायचे. सुट्टीच्या दिवशी त्यानं मला सगळी शीव पायी फिरवली. ओढ्यानं पात्र कुठे बदललं, पावसाळाभर पाझरणाऱ्या शेताला 'रडकी' का म्हणतात, कुठल्या टेकाडावर पूर्वी वस्ती होती... तो सांगत होता, मी लिहीत होतो. शेवटी तो गावाजवळच्या जुन्या विहिरीशी थांबला.

"ही हीर माज्या आज्यानं आन् आमच्या लोकांनी खांदली, गुरुजी. पाणी लागलं, आन् दुसऱ्या दिसापासनं आमालाच पायरी बंद. एवढं लिवा."

मी लिहिलं. पण जाहीर वाचनाआधी सरपंचांनी वही चाळली. "हे कशाला उकरताय, गुरुजी? गावानं खांदली म्हणा की. ते बी गावातलेच हायेत." आवाज गोड होता. मी राहत होतो ती खोली त्यांचीच होती. मी ती ओळ खोडली.

स्वातंत्र्यदिनी शाळेच्या पटांगणात वाचन झालं. सोनबा इस्त्रीचा सदरा घालून, वहिनींना घेऊन आला होता. 'ही विहीर गावाने खोदली' हे वाक्य मी जरा भरभरच वाचलं... नंतर तो जवळ आला.

"झ्याक लिवलंय. हिरीचं पान गळालं व्हय?"

"हो... राहून गेलं."

"आसू द्या. फुडच्या टायमाला."

पुढची दहा-बारा वर्षं वही माझ्याच कपाटात होती. ओढ्याला पूर आला की पाणी कुठवर चढलं ते सांगायला तो आवर्जून शाळेत यायचा. विहिरीचं मात्र त्यानं पुन्हा कधी काढलं नाही आणि दर वेळी, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटायचं.

गेल्या आठवड्यात ती ओळ मी लिहिली. समासात, बारीक अक्षरात कशीबशी मावली. वही घेऊन वहिनींकडे गेलो, वाचून दाखवली, आणि सांगून टाकलं की पान गळालं नव्हतं, ती ओळ मीच खोडली होती.

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"ह्यांना त्याच दिशी कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी म्हनले, जाऊन सरळ इचारा. तर म्हनले, नगं. मग गुरुजींला आपल्याशी मान वर करून बोलता यायचं न्हाई."

त्या घरातून उठेपर्यंत मला मान वर करता आली नाही.